आमची वाटचाल : ट्रॉलीच्या डाल्यापासून शाळेच्या लॅबपर्यंत

हिंगणघाटच्या बाजूला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॉलीचे डाले, गेट, खिडक्यांच्या जाळ्या, आणि मिरग लागायच्या आधी वखर-डवऱ्यांची दुरुस्ती, हीच कामं. शाळांशी संबंध आला तो टेबलांमुळे.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू करून बघायची शाळेतली खोली, ही केंद्राची योजना २०१६ पासूनची. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. एका शाळेने लॅबसाठी लोखंडी टेबलं सांगितली. बसवायला गेलो तर थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंग, सेन्सर, सगळं आलेलं आणि खोलीला कुलूप. वस्तू मोडली तर भरून कोण देणार, ही सरांची भीती. ती खोटी नव्हती. आम्ही म्हटलं, मोडेल ते आमच्याकडे पाठवा, फक्त खोली उघडी ठेवा. कुलूप निघालं, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलं वर्कशॉपवरही येऊ लागली.

हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरांचा त्रास तुम्हाला सांगायला नको. मुलांनी हालचाल ओळखणारा सेन्सर, जुन्या गाडीची वायपर मोटर आणि तेलाचा पिपा जोडून डुकरं हाकलायचं यंत्र केलं. थंडीत रात्री मस्त वाजे. उन्हं तापली तशी एका दुपारी तक्रार आली, "काका, कुत्रं समोरून जाऊन राहिलं तरी हे गप्पच!" हा सेन्सर अंगाची आणि मागच्या जमिनीची उष्णता यांतला फरक पकडतो. जमीनच अंगाइतकी तापली तर त्याला दिसणार काय? आठवीतल्या एका मुलीने मागे ओलं गोणपाट टांगलं, कुत्र्याला पुन्हा समोरून नेलं आणि पिपा वाजला. माझ्या वेल्डरने त्या दिवशी चहा पाजला सगळ्यांना.

यात नवीन काही नाही म्हणा. हातकामातून शिक्षण हा विषय आमच्या वर्ध्यातच १९३७ च्या परिषदेत मांडला गेला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून मुलांना गावाची कामं करत शिकवलं, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं वर्कशॉपही आलं. माझं मत विचाराल तर पैसा आधी वाइस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा), ड्रिल मशीन आणि डोळे वाचवणाऱ्या चष्म्यांवर घालावा. प्रिंटरचे फोटो चांगले येतात, पण त्याचं नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठेक अंशांवर मऊ पडतं. मे महिन्यात टिनावर ठेवून बघा.

आता लॅबची टेबलं आणि देखभाल हे आमचं नियमित काम झालंय. पिपा-यंत्रही ऑर्डरवर बनवतो. शेतकऱ्यांना साधं हवं म्हणून सेन्सर काढून टायमर लावला. एकाच ठेक्यात वाजलं तर डुकरं सरावतात, त्यामुळे मधली वेळ बदलत राहणारा प्रोग्राम मुलांनीच लिहिला. दिवाळीआधी सांगाल तर हरभऱ्याला मिळेल.