लाभ, दोन, तीन

जानेवारीतल्या एका दुपारी पाणपक्ष्यांच्या गणनेसाठी गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीत आमची होडी शिरली, तेव्हा माझे लक्ष पक्ष्यांकडे नव्हते; ते समोर बसलेल्या बाईंच्या ओठांकडे होते. डोळ्यांना दुर्बीण लावून त्या जप चालवावा तशा स्वतःशीच आकडे पुटपुटत होत्या, आणि मोजणी चालू असताना कोणी बोलायचे नाही अशी सक्त ताकीद असल्यामुळे होडीत तेवढीच काय ती हालचाल होती.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. क्षेत्रफळ जेमतेम १७८ हेक्टर, पण आतल्या चिंचोळ्या पाणवाटांत शिरल्यावर ते कुठे संपते याचा अंदाज येत नाही. इथली खरी अडचण अशी की होडी चालते ती भरतीच्या पाण्यावर आणि तुतवारासारखे पक्षी चरायला उतरतात ते ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर. म्हणून पाणी ओसरू लागताच आत जायचे आणि वल्हे चिखलात रुतायच्या आत बाहेर पडायचे, हा होडीवाल्याचा हिशेब, आणि तो आमच्या वह्यांतल्या सगळ्या हिशेबांपेक्षा पक्का असतो. त्या चिखलावर निवट्या नावाच्या मासळ्याही उड्या मारत होत्या. त्या मोजायला कोणी सांगितले नव्हते, तरी आमच्यातला एक मुलगा मोजत होता.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. त्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, त्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरायचे आणि मग तेवढेच तुकडे थव्यावर मांडत जायचे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे, आणि तिचे पुष्कळसे आकडे असेच कोणीतरी, कुठेतरी, ओठ हलवत जमवलेले असतात.

आजोळी खळ्यावर भात मोजताना मामांचेही ओठ असेच हलत. पहिल्या पायलीला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत, आणि दुसरे माप भरेपर्यंत ‘लाभ, लाभ’ असेच घोकत राहत, म्हणजे आकडा हरवायचा नाही. त्या वेळी आम्हा मुलांपैकी कोणी तोंड उघडले तर त्याची रवानगी थेट परसात होई. आजीला भाताची मोजदाद चाले, पण पंगतीला बसलेली माणसे मोजलेली मुळीच खपत नसत. त्याचा परिणाम असा की माणसे मोजण्याचा मला अजूनही संकोच वाटतो. होडीवाल्याने ‘किती जण?’ असे विचारले, तेव्हाही उत्तर मी शेजाऱ्यावर सोपवले.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र हा संकोच नाही, उलट मोजणीतला न्याय मला आवडतो. एरवी काळ्या टोपीचा खंड्या दिसला की सगळे एकदम वळतात आणि होडी कलते. लहान बगळ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. नोंदीच्या कागदावर खंड्याला एकच ओळ मिळते आणि बगळ्यालाही एकच. गणनेला गेल्यापासून बगळ्याकडे पाहायची सवय मला लागली, असे म्हणता आले असते, पण ते पूर्ण खरे नाही, कारण खंड्या दिसल्यावर सर्वांत आधी मीच वळतो.

होडीतून मोजताना आणखी एक नियम असतो. आपल्याला पाहून पुढे उडालेला पक्षी धरायचा नाही, कारण तो पुन्हा भेटणार असतो. आपल्याला ओलांडून मागे गेलेला तेवढा धरायचा. आमच्या पुढे वंचक नावाचा एक बगळा होता. होडी जवळ आली की तो पांढरे पंख उघडून उडे, पुढच्या वळणावरच्या तिवरावर जाऊन बसे आणि पुन्हा मातकट होऊन जाई. पाणवाट संपून आम्ही नदीत आलो तरी तो मागे गेला नाही. नियमाने तो मोजता येत नव्हता, असे माझे मत पडले. समोर धडधडीत दिसणारा पक्षी नाही कसा म्हणायचा, असे वही धरणाऱ्या मुलाचे. पाणी झपाट्याने उतरत होते आणि होडीवाला घाई करू लागला होता, त्यामुळे मुलाने वंचकाच्या ओळीत एक वाढवला आणि पुढे कोणी तो विषय काढला नाही.