यमूला सोबत हवी का?

सोमवार, रात्र

धाकटीचा फोन आला होता. त्यांचं घर बदलतंय, नव्या जागेला अंगण नाही, तर तिचं कासव मी ठेवून घ्यावं असं तिला वाटतंय. सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "आणि ताई, तुझ्या यमूलाही सोबत होईल गं. बिचारी एकटीच असते कायम."

तिचा नर, माझी मादी. दोघंही हर्मन जातीची, जमिनीवर राहणारी. त्याला मी घेणारच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण त्या 'बिचारी एकटी'वर मात्र मला शांतपणे लिहून काढायचंय, कारण घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतो. यमू कुंपणाच्या कडेकडेनं चालायला लागली की म्हणतात, बघा, कुणाला तरी शोधतेय.

शोधत असते ती वाट. आधी तिच्या कुंपणाची एक बाजू काचेची होती. त्या काचेशी ती तासन्‌तास पुढच्या पायांनी खरडत उभी राहायची. पलीकडचं दिसतंय, मग जाता का येत नाही, हे कासवाला उमगत नाही. पारदर्शक भिंत म्हणजे त्याच्या लेखी भिंतच नसते. तिथे लाकडी फळी लावली, मधोमध दगडांचा एक उंचवटा केला, गवताचे दोन जाड झुबके लावले, आणि खरडणं थांबलं. तिच्या आयुष्यात कुणी नवं आलं नव्हतं. नवे होते फक्त फळी, दगड आणि गवत.

मंगळवार

कासवाची सुरुवातच एकट्यानं होते. मादी मागच्या पायांनी खड्डा खणते, अंडी घालते, माती लोटून पोटाकडच्या कवचानं दाबून सारखी करते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा तिथे आई नसते, भरवणारं नसतं, ऊब देणारंही कुणी नसतं. कासवांच्या बहुतेक सगळ्या जातींत हे असंच. आशियातल्या जंगलांत राहणारं एक मोठं तपकिरी कासव याला अपवाद आहे. त्याची मादी पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते आणि नंतर काही दिवस तिथेच राखण करत थांबते. पण पिल्लं निघेपर्यंत तीही तिथे नसते.

2018 साली नुकत्या जन्मलेल्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो मला फार बोलका वाटतो. पिल्लांच्या जोड्या मोकळ्या जागेत सोडल्या. काही जोड्या एकत्र वाढलेल्या, काही एकमेकांना पूर्ण अनोळखी. ओळखीच्या पिल्लांनी एकमेकांकडे सरळ दुर्लक्ष केलं. अनोळखी पिल्लांनी आधी एकमेकांना जवळून निरखलं आणि मग मुद्दाम अंतर ठेवलं. म्हणजे ओळखीचं कोण, परकं कोण, हे त्यांना कळत होतं. कळूनही बिलगावंसं कुणालाच वाटलं नाही. एकत्र वाढलेल्या दोन पिल्लांना वेगळं केलं तर ती झुरतील असं आपण धरून चालतो, आणि इथे तीच पिल्लं समोरासमोर असूनही आपापल्या वाटेनं निघून जातात.

बुधवार, दुपार

एका ओळखीच्या घरी काचेच्या टँकमध्ये दोन कासवं होती. एकाच दिव्याखाली दोघं, एकाचे पुढचे पाय दुसऱ्याच्या पाठीवर. घरातले सगळे कौतुकानं बघत होते, मोबाइलमध्ये फोटोही होते. मी वाकून जरा जवळून पाहिलं. वरचं चांगलं मोठं होतं. दिव्याच्या उबेचा गोल पुरता त्याच्या पाठीवर आणि खालच्याचं फक्त डोकं कडेच्या उजेडात. खालच्याच्या मागच्या पायावर, खवल्यांच्या मधे, एक ओली लाल खूण होती. खायला ठेवलं तसं मोठं तुरुतुरु खाली उतरलं आणि पानांच्या समोर आडवं उभं राहिलं. लहानानं मान आत घेतली आणि मागे वळून कोपऱ्यातल्या कौलाखाली शिरलं.

ना गुरगुरणं ना झटापट, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कासवांची दादागिरी ही अशीच असते. उबेची जागा अडवायची, खाणं अडवायचं, सतत मागे मागे फिरायचं. दबलेलं कासव लपून राहतं, कमी खातं, वाढीत मागे पडतं. मग त्याला अशक्त ठरवतात आणि तब्येतीसाठी औषधं सुरू होतात.

आणि नर-मादी असतील तर आणखी कठीण. हर्मनचा नर मादीच्या मागे लागतो तो तिचे पाय चावत, कवचाला कवचाच्या धडका देत. त्याच्या शेपटीच्या टोकाला नखासारखं टणक टोक असतं, त्यानंही मादीला मागून जखमा होतात. यात क्रौर्य काही नाही, त्याची रीतच ती. रानात मादी झुडपात शिरते, उतारावरून निघून जाते, नर कंटाळतो किंवा त्याला दुसरं काही दिसतं. कुंपणाच्या आत ती जाणार कुठे? वळून पुन्हा त्याच्याच समोर येणार. सोबत सोबत म्हणून आपण जे देतो ते यमूच्या बाजूनं पाहिलं की माझ्या पोटात कालवतं.

दोन नर तर नकोतच. वाळवंटी कासवांमध्ये नराच्या गळ्याखाली कवचाचा पुढे आलेला शिंगासारखा भाग असतो, तो खाली घालून ते एकमेकांना उलथवतात. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात; उलटं पडलं की पोटातल्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो, श्वास जड होतो. त्यात ऊन असेल आणि सरळ होता आलं नाही तर जीव जाऊ शकतो. लोक जोडी म्हणून जी दोन पिल्लं आणतात, त्यांतलं नर कोण, मादी कोण, हे पुढे कित्येक वर्षं नीट सांगता येत नाही. मोठी झाल्यावर दोन्ही नर निघाले तर काय करायचं, याचा विचार आणतानाच व्हायला हवा.

बुधवार, रात्र

दुपारचं वाचलं आणि वाटलं, ही दुसऱ्या टोकाची एकांगी मांडणी होतेय. कासव म्हणजे दगड नव्हे. त्याला दुसऱ्या कासवाची दखल असते.

2010 साली लाल पायांच्या कासवांवर एक प्रयोग झाला. व्ही आकाराच्या जाळीच्या पलीकडे खाणं ठेवलेलं. तिथवर पोचायचं तर खाण्याकडे पाठ फिरवून वळसा घालायचा. ज्यांना हे स्वतःचं स्वतः शोधायचं होतं त्यांना जमलं नाही. ज्यांनी शिकवलेल्या एका कासवाला वळसा घालताना पाहिलं, त्यांना जमलं. रानात एकटं राहणारा प्राणी दुसऱ्याकडे बघून शिकला. हे वाचल्यापासून मी यमूकडे जरा जास्त आदरानं बघते.

रानातही गाठीभेटी होतातच. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवरची अजस्र कासवं चिखलाच्या डबक्यांत शेजारी शेजारी पडून असतात. वाळवंटी कासवं कधी कधी थंडीत एकाच बिळात मुक्काम करतात. अमेरिकेतल्या गोफर कासवाच्या बिळांत तर साडेतीनशेहून जास्त जातींचे लहानमोठे जीव आसरा घेतात. (एवढ्या पाहुण्यांना सामावून घेणारं ते बीळ एकदा तरी प्रत्यक्ष बघायचंय मला.) पण चिखल असो, बीळ असो की सावली, ती जागा चांगली असते म्हणून कासवं तिथे जमतात, आणि हवं तेव्हा उठून जाता येतं. हे उठून जाता येणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जागा खरोखर ऐसपैस असेल, नजरेआड व्हायला झुडपं-दगड असतील, तर काही जातींच्या माद्या एकत्र नीट नांदतात, एका नराबरोबर अनेक माद्याही राहतात. फक्त दोघंच असली की मात्र सगळा ताप एकटीच्या वाट्याला.

गुरुवार

आज डोक्यात जॉर्ज होता, गालापागोसमधल्या पिंटा बेटावरचा. जग त्याला एकाकी जॉर्ज म्हणूनच ओळखतं. 1971 साली तो सापडला तेव्हा पिंटावरची कासवं संपली असं सगळे धरून चालले होते. पुढच्या वर्षी त्याला सांताक्रूझ बेटावरच्या संशोधन केंद्रात आणलं. त्याच्या जातीची मादी शोधूनही मिळाली नाही, म्हणून दुसऱ्या बेटावरच्या, नात्यानं जवळच्या माद्या त्याच्याबरोबर ठेवल्या. कित्येक वर्षं त्यानं त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. 2008 आणि 2009 मध्ये माद्यांनी अंडी घातली, पण त्यातून पिल्लं आली नाहीत. 24 जून 2012 रोजी तो गेला आणि त्याच्याबरोबर पिंटाचं कासव संपलं.

त्याची गोष्ट वाचताना आजही माझे डोळे भरतात. पण त्यातलं एकाकीपण त्याच्या कुळाचं होतं. माणसांनी आणि त्यांनी सोडलेल्या बकऱ्यांनी ते बेट ओरबाडलं, त्याची ती शिल्लक होती. जॉर्ज मात्र रोज उठून ऊन घ्यायचा, चरायचा, माद्या असूनही आपल्या लयीत राहायचा. त्याच्याकडे बघून आपल्याला एकटं वाटत होतं, आणि ते वाटणं आपण त्याच्या नावात घातलं. यमूला बिचारी म्हणताना धाकटीही तेच करतेय, आणि ते किती मायेनं करतेय हे मला कळतं. या घर बदलण्यात तिला स्वतःलाच फार एकटं वाटतंय. उद्या बोलताना हे लक्षात ठेवायला हवं.

शुक्रवार, रात्र

बोलले. तासभर फोन चालला. आधी तिच्या घराचं बोललो, मग कासवांचं.

मी म्हटलं, त्याला खुशाल पाठव, पण यमूच्या कुंपणात मी सोडणार नाही. त्याला वेगळी जागा, मधे आरपार न दिसणारी भिंत. एकमेकांना नुसतं बघूनही नर दिवसभर भिंतीला धडका देत बसतो. पहिले काही महिने तर पूर्ण लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. त्याची भांडी वेगळी, आधी यमूचं सगळं आवरायचं आणि मग त्याच्याकडे जायचं, हात धुवायचे. वरून ठणठणीत दिसणारं कासव हर्पिसचा विषाणू बाळगून असू शकतं. दुसऱ्या कासवाला तो लागला तर तोंडात फोड, नाकातून पाणी, खाणं बंद, आणि अनेकदा मरण. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचंही तसंच. शिवाय जंतांसाठी डॉक्टरांकडून त्याची विष्ठा तपासून घेणार, तीही एकदाच नाही. वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवण्यात तर हा धोका आणखी मोठा असतो.

"म्हणजे दोघांना कधी भेटवायचंच नाही?"

"नाही."

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मग यमूला करमणूक काय?"

प्रश्न चांगला होता. एकटं ठेवायचं म्हणजे ओसाड ठेवायचं, असा अर्थ कुणी काढू नये. तिला सांगितलं, यमूला उन्हाचा कोपरा हवा, सावलीचा हवा, ऊन नसेल तेव्हा उबेचा आणि यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्यासारख्या अतिनील किरणांचा, दिवा हवा, खणायला खोल माती हवी. नर नसला तरी मादी अंडी घालू शकते; खणायला मनासारखी जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडकून बसतात, म्हणून मातीचा तो ढीग मी कधी हलवत नाही. चढायला दगड, चरायला वेगवेगळं रानगवत, आणि अधूनमधून एखादी नवी गोष्ट. मागे एक वाळलेला ओंडका ठेवला तेव्हा ती आधी नाक लावून त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, मग वळून परत आली, मग त्याच्या आडोशाला बसली. सकाळ गेली तिची त्यात.

"आणि तुझी सोबत? तुला ओळखते की ती."

ओळखते. माझी चाहूल लागली की मान ताणून येते, कारण मी आले की खायला येतं. पाठ चोळली की मागच्या पायांवर उंच होते. गालापागोसची कासवं फिंच पक्षी जवळ आले की अशीच चारी पायांवर ताठ उभी राहून मान लांब करतात, म्हणजे पक्ष्यांना गोचिड्या टिपता येतात. यमूचं ते उंच होणंही तसंच काही असेल तर मला त्यात काही कमी वाटत नाही. तिनं माझ्यावर प्रेम करावं अशी अट कधी नव्हती.

धाकटी म्हणाली, "मला त्याला बघायला येता येईल ना पण?"

म्हटलं, हवं तेव्हा ये, आणि राहायलाच ये.

रविवारी घेऊन येतेय ती त्याला. फळ्या कापून झाल्यात. कुंपणाचा खालचा भाग अजून जमिनीत गाडायचा राहिलाय, नाहीतर खणून पलीकडे जाईल तो, आणि दिव्याची वायर त्या टोकापर्यंत पुरत नाहीये. उद्या सकाळी आधी वायरचं बघायचं.