दोन धुण्यांच्या मधले दिवस आणि घरचा ड्राय शॅम्पू

कमरेपर्यंत केस असले की आठवड्यातून दोनदा केस धुणे हाच माझ्या दृष्टीने सोयीचा आणि पुरेसा क्रम ठरतो. मात्र मुंबईच्या दमट हवेत पुढचे धुणे यायच्या आदल्या दिवशीच भांगाजवळचे केस चप्प बसतात. पावसाळ्यात तर धुतलेला शेपटा आतपर्यंत वाळायला अर्धा दिवस जातो, त्यामुळे मध्येच आणखी एकदा केस धुणे नकोसे होते. अशा दिवसांसाठी मी घरी केलेली कोरडी पूड, म्हणजेच ड्राय शॅम्पू, वापरते.

ही पूड नेमके काय करते हे आधी समजून घ्यावे. डोक्याच्या त्वचेतील तैलग्रंथी सीबम नावाचा स्निग्ध पदार्थ सतत सोडत असतात आणि तो मुळांपासून केसांवर पसरत जातो. ओट्यावर सांडलेल्या तेलावर आपण पीठ भुरभुरतो, तसे स्टार्चचे बारीक कण हे तेल आपल्याकडे ओढून घेतात, आणि मग केस मोकळे व थोडे फुललेले दिसू लागतात. घाम, मृत पेशी आणि रस्त्यावरची धूळ मात्र जागच्या जागीच राहते. नावात शॅम्पू असला तरी या पुडीने केस स्वच्छ होत नाहीत, धुणे फक्त एखाद्या दिवसाने पुढे ढकलता येते. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त ती लावू नये असे माझे ठाम मत आहे.

पुडीसाठी मला आरारूट सर्वांत आवडते. तवकीर मिळाली तर तीही उत्तम, आणि काहीच नसेल तर घरातले कॉर्नफ्लोर चालते. तांदळाची पिठी अनेक जण सुचवतात, पण मोदकांसाठी आणलेली पिठी बोटांना मऊ लागली तरी केसांत तिची कचकच राहते. ती वापरायचीच असेल तर मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करून घ्यावी. तीन चमचे आरारुटात एक चमचा मुलतानी माती मिसळली की तेल अधिक चांगले शोषले जाते. कोरड्या त्वचेच्या व्यक्तींनी मात्र माती वगळावी. काळ्या केसांवर पांढरी झाक दिसू नये म्हणून मी साखर नसलेली कोको पावडर घालते आणि मिश्रण फिकट तपकिरी झाले की थांबते. सुगंधासाठी वस्त्रगाळ केलेला नागरमोथा किंवा कापूरकाचरी चिमूटभर पुरते. उटण्यामुळे हे वास आपल्या ओळखीचे असतात आणि दिवसभर त्रासही देत नाहीत. शिकेकाईची पूड मात्र कोरडी वापरू नये, कारण ती उडाली की नाका-डोळ्यांची आग होते. खाण्याचा सोडाही टाळावा. डोक्याच्या त्वचेचा सामू (pH) साधारण 5.5, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर सोडा अल्कधर्मी असल्याने त्वचा कोरडी आणि केस राठ होऊ शकतात. एखादी वस्तू नैसर्गिक आहे एवढ्यावरून ती केसांना मानवेलच असे धरून चालू नये.

बाजारातल्या फवाऱ्याच्या डब्यांपेक्षा मला घरची पूड बरी वाटते, त्याला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेतील आपल्या काही ब्रँडचे ड्राय शॅम्पूचे फवारे बेंझिन हे कर्करोगाला कारण ठरू शकणारे रसायन आढळण्याच्या शक्यतेमुळे स्वतःहून परत मागवले होते, आणि त्याचा उगम डब्यातून पदार्थ बाहेर ढकलणाऱ्या वायूत असल्याचे कंपनीने सांगितले होते. प्रत्येक फवारा घातक असतो असा याचा अर्थ नव्हे. पण घरच्या पुडीत अशा वायूची गरजच पडत नाही.

पूड लावण्याची वेळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक जणी सकाळी घाईत, केस तेलकट दिसू लागल्यावर ती लावतात. मी ती आदल्या रात्री लावते. खांद्यांवर जुना टॉवेल घेऊन, बोटभर अंतरावर भांग पाडत, मेकअपच्या मऊ ब्रशने फक्त मुळांशी पूड टेकवायची. ब्रश डबीच्या कडेवर आपटून जास्तीची पूड झाडून टाकली की पुरेशीच पूड केसांवर बसते. माझ्या लांब केसांनासुद्धा अर्धा चमचा पुरतो, कारण तेल मुळांजवळ असते आणि टोके मुळातच कोरडी असतात. दहा मिनिटे थांबून बोटांच्या पेरांनी हलके चोळावे, मान खाली घालून केस झटकावेत आणि बारीक दातांची फणी फिरवावी. कुरळ्या केसांत फणीऐवजी बोटेच फिरवावीत. उरलेली पूड रात्रीतून तेल शोषत राहते आणि सकाळी एकदा विंचरले की भांग स्वच्छ दिसतो.

ओल्या किंवा घामेजलेल्या डोक्यावर मात्र ही पूड लावू नये, कारण ओलाव्याने तिचा लगदा होऊन तो मुळांना चिकटतो. हेल्मेट काढल्यावर किंवा गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर आधी पंख्याखाली डोके पूर्ण कोरडे होऊ द्यावे. चंपीनंतरच्या खोबरेल तेलावरही तिचा उपयोग नाही. तेवढे तेल धुऊनच काढावे लागते. कोंडा, खाज, सोरायसिस किंवा जखम असेल तर ती अजिबात वापरू नये. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी सीबमवरच वाढते, त्यामुळे अशा डोक्याला वेळच्या वेळी धुणे आणि त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला या दोन्हींची गरज असते. दमा असणाऱ्यांनी तर पूड हवेत उडेल अशी कोणतीच पद्धत वापरू नये.

पावसाळ्यात पूड डबीतच दमट होऊन तिच्या गुठळ्या होतात, म्हणून मी ती पंधरवड्यापुरतीच करते आणि कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवते. धुण्याच्या दिवशी केस ओले करण्याआधी फणीने उरलीसुरली पूड काढून टाकावी आणि मग शॅम्पू किंवा शिकेकाई मुळांशी नीट चोळून भरपूर पाण्याने केस धुवावेत.