वाटेची रुंदी: आमची वाटचाल

आम्ही लोकांना रानात पायी आणि सायकलनं सहलीला नेतो. सुरुवात झाली ती पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या पेठेत. तिथे बाबांचं सायकलचं दुकान होतं. जून महिना आला की शाळेच्या पोरांच्या सायकली दारात ओळीनं उभ्या राहायच्या. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या आणि २०१० पर्यंत दिवसाला दोन पंक्चर निघाली तरी बरं, अशी गत झाली. माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं. दुकानात बसायची, ट्यूब घासून सोल्यूशन लावायची सवय मला लहानपणापासूनची.

२०११ च्या श्रावणात पुण्याहून भीमाशंकरला सायकलनं निघालेले तिघं तुटलेली चेन घेऊन आले. बाबांनी कडी बसवून दिली. पैसे देता देता त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "काका, या रस्त्याला गाड्या फार. रानात शिरायला दुसरी वाट आहे का?" बाबा म्हणाले, "आहुप्याला जा की." वाट कळेना म्हणून दुसऱ्या रविवारी ते परत आले आणि मीच जुनी हर्क्युलिस काढून त्यांच्यासोबत निघाले. घोडेगाव, डिंभे धरण, मग जलाशयाच्या कडेकडेनं वर चढत जाणारा रस्ता. आंबेगाव तालुक्याच्याच महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचं नाव या जलाशयाला दिलेलं आहे, हे त्यांना सांगताना मला उगीच मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. आहुप्याला पोचलो तेव्हा धुकं हटलं आणि समोर कडा तुटून थेट कोकण. गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके आमच्यापेक्षा खाली. मी मंचरमध्ये वाढले, वर्षातून एकदा भीमाशंकरला जायचे, पण हे कधी पाहिलं नव्हतं. आमचा धंदा सुरू झाला तो त्या दिवशी, नोंदणी दोन वर्षांनी झाली.

सुरुवातीला सगळं झपाट्यानं वाढलं. आठ सायकली जुन्या बाजारातून आणून बाबांनी गिअर, ब्रेक पॅड, हेडसेट बदलून उभ्या केल्या. पावसाळ्यात पायी सहली, हिवाळ्यात सायकली. फोनवरून नावं यायची, मी घेत जायचे. किती जणांना न्यावं हा प्रश्नच डोक्यात नव्हता. बस भरली की भरली.

२०१३ च्या जुलैतल्या एका रविवारी आम्ही ६२ जण आहुप्याला नेले. पाऊस धो धो. गावापासून देवराईकडे जाणारी पायवाट जेमतेम एका माणसाच्या पावलाएवढी. पहिले वीस जण गेले आणि वाटेचा चिखल झाला. पुढचे चिखल टाळायला कडेनं चालले, त्यांच्यामागचे आणखी कडेनं. संध्याकाळी परत येताना त्याच वाटेनं बैलगाडी गेली असती. कडेला भातखाचरं होती, लावणी होऊन चार दिवस झालेली. लोक बांधावरून चालले, दोन ठिकाणी बांध बसला आणि रात्रीत खाचरातलं पाणी निघून गेलं.

हे मला बुधवारी कळलं. जिच्या घरी आम्ही जेवायचो त्या आजींनी निरोप धाडला होता, "एकदा येऊन बघून जा." भावाला घेऊन गेले. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त बांधावर नेऊन उभं केलं. रोपं चिखलात आडवी पडली होती. दिवसभर आम्ही दोघांनी फावड्यानं माती ओढून, पायानं दाबून बांध पुन्हा घातला. आजी मध्येच येऊन म्हणायच्या, "इथं अजून. हितनं पाणी जाईल बघ." संध्याकाळी त्यांनी तांदळाची भाकरी आणि भारंगीची भाजी वाढली. तो घास गिळताना मला जे वाटलं ते अजून तसंच आहे. भरपाईचे पैसे दिले, पण रोपं उशिरा लागली ती लागलीच.

त्या महिन्यातच ठरवलं: पायी १५, सायकलवर १०, त्यापुढे एकही नाव नाही. त्या मोसमात आमचं उत्पन्न निम्म्यावर आलं. बाबा हिशेबाची वही बघून गप्प राहिले, पण त्यांनी एकदाही "वाढव" म्हटलं नाही, आणि त्याचं मला फार अप्रूप आहे.

पुढच्या वर्षी ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. तालुका आमचाच. आमच्यासोबत वाट दाखवणारी पोरं आठवडाभर तिकडे होती. आम्ही दुकान बंद ठेवून भाकऱ्या आणि कोरडे कपडे पोचवत होतो. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये उताराखालच्या घरांत मुक्काम ठेवणं आम्ही कायमचं थांबवलं. सकाळी जायचं, उजेडी परत यायचं, आणि पावसाचा जोर सलग दोन दिवस राहिला तर निघायचंच नाही. पैसे परत. काही जण रागावतात. रागावू देत.

रान म्हणजे सगळं एकच, असं मी तोवर धरून चालले होते. ट्रेल रनिंग, म्हणजे रानवाटांवरून धावणं, सुरू करायचं ठरवलं तेव्हा खरी शिकवणी झाली. २०१६ मध्ये पुण्याच्या काही धावणाऱ्यांनी मागे लागून विचारलं आणि मी हौसेनं नकाशावर २१ किलोमीटरची रेघ ओढली, भीमाशंकरच्या गच्च झाडीतून. अर्ज घेऊन वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात गेले. तिथल्या एका वनरक्षक ताईंनी माझ्या नकाशावर पेन्सिलीनं दुसरी रेघ ओढली. "ह्याच्या आत अभयारण्य, बाहेर राखीव वन. आतला कायदा वेगळा." भीमाशंकर अभयारण्य १९८५ चं, साधारण १३० चौरस किलोमीटरचं. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो, परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि शर्यतीसाठी मागूही नये, असं त्यांचं म्हणणं.

मला राग आला होता. मग त्या म्हणाल्या, "एकदा माझ्याबरोबर बीटवर चला." बीट म्हणजे त्यांच्या राखणीतला रानाचा तुकडा. गेले. त्यांनी वर बघायला लावलं. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेत गेलं, तिथून तिसऱ्यावर. जमिनीवर उतरणं त्याला नको असतं, खाली बिबट्या असतो, कुत्री असतात. फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तरच त्याचा रस्ता चालू राहतो. "वाट रुंद झाली," ताई म्हणाल्या, "की कडेची रोपं मरतात. आज काही दिसत नाही. तीस वर्षांनी वरचं छप्पर तुटतं." आहुप्याच्या चिखलाची वाट आणि शेकरूची वरची वाट एकच आहे, हे मला त्या झाडाखाली उभं राहून उमगलं. माझ्या सगळ्या धंद्यात मी कुठल्या एका गोष्टीवर लक्ष ठेवायचं तर वाटेच्या रुंदीवर, हे तेव्हापासून पक्कं झालं.

धावायची जागाही ताईंनीच सुचवली: जाळरेषा. उन्हाळ्याआधी वनखातं रानात ठरावीक पट्टे गवत-पाचोळा काढून मोकळे करतं, म्हणजे वणवा लागला तर तिथे अडतो. हे पट्टे आधीच मोकळे असतात, नवी वाट पाडावी लागत नाही. चढ-उतार भरपूर, पायाखाली मुरूम, मध्येच उघडा कातळ, घसाऱ्याचे दोन-तीन टप्पे. पायाचा कस लागतो. फेब्रुवारीत रेषा साफ झाली की आमचं धावणं असतं, सूर्य डोक्यावर यायच्या आत संपणारं. पहिल्या वर्षी १८ जण होते, आता ४० वर थांबतो. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी वनमजुरांबरोबर पाचोळा ओढायचा, ही अट आहे. पंजाचा दांडा हातात घेतल्याशिवाय नंबर मिळत नाही. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतल्या बाई दरवर्षी धावायला नाव देतात आणि खरं तर पाचोळ्यासाठी येतात, असं त्या स्वतःच सांगतात.

पहिल्या वर्षी वळणं दाखवायला प्लॅस्टिकच्या फिती बांधल्या होत्या. काढताना मोजल्या तर अकरा कमी. दोन दिवस शोधून सात सापडल्या. चार कुठे गेल्या कोण जाणे, रानात गुरं चरतात. तेव्हापासून फिती बंद. प्रत्येक फाट्यावर गावातला मुलगा किंवा मुलगी कापडी निशाण घेऊन उभी असते, आणि तिला तिची मजुरी.

सायकलींचं गणित वेगळं. ओल्या वाटेवर टायर जातो तिथे घळ पडते. पुढच्या पावसात पाणी त्याच घळीतून धावतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पायवाटेचा ओघळ होतो. म्हणून जून ते ऑक्टोबर आमच्या सायकली डांबरी रस्ता आणि जुन्या गाडीवाटेवरच. माती कडक झाली, चाकाचा ठसा उमटेनासा झाला, की ढोरवाटा. बाबा निघण्यापूर्वी प्रत्येक टायरची हवा अंगठ्यानं बघतात. पंपावर आकडा असला तरी.

एप्रिल-मेमध्ये आम्ही बंद असतो. हा हिरड्याचा हंगाम. बाळहिरडा गोळा करायचा, अंगणात वाळवायचा, तो विकून पावसाळ्याची बेगमी करायची, हे इथल्या महादेव कोळी घरांचं मोठं उत्पन्न. वाट दाखवणारी पोरं झाडावर असतात, स्वयंपाक करणाऱ्या ताया हिरडा पसरत असतात. त्यांना आमच्यासाठी खाली उतरा म्हणायचं कसं? काजव्यांसाठीही फोन येतात, मेच्या अखेरीला तर रोज. त्या सहली आम्ही काढत नाही. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली हाक. गाडीचे दिवे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या त्यात पडल्या की ती हाक पोचत नाही.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पाठोपाठ ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. आमच्या जेवणाच्या दोन घरांचे पत्रे उडाले. त्या वेळी आमच्याकडे पगाराला पैसे नव्हते, पण नेहमीच्या लोकांना नुसता निरोप पाठवला आणि चार दिवसांत पत्र्यांपुरते पैसे जमले. त्यातल्या कित्येकांना आम्ही कधी ना कधी "जागा नाही" म्हणून परत पाठवलेलं होतं.

आज आम्ही घरचे चौघं आणि गावातली अकरा जण आहोत. माणशी १,४०० रुपये घेतो, त्यातले ६५० गावात राहतात: जेवण, वाटाड्या, निशाण धरणारे. बांधवाल्या आजी आता नाहीत. त्यांची सून स्वयंपाक बघते आणि किती माणसं आणायची हे दर मोसमाच्या आधी तीच ठरवते. गेल्या वर्षी तिनं पंधराचे बारा केले, वाट अजून भरून आली नाही म्हणून.

काल तिचा फोन आला. कोंढवळच्या बाजूला मोठं झाड आडवं पडलंय, लोक वळसा घालून नवी वाट पाडायला लागतील, तर झाड कापून होईपर्यंत येऊ नका. रविवारची सहल पुढे ढकलली आहे. दहा जणांना फोन करून झाले. दोघे उचलत नाहीत, त्यांना संध्याकाळी परत लावते.