पैसे कटले, पावती नाही

“भाऊ, पैसे तं कटले, मंग पावती काहून नाही आली?” आर्णी, दारव्हा, दिग्रसकडे कोणी अभ्यासिकेसाठी, कोणी डेअरीसाठी, कोणी कृषी केंद्रासाठी ॲप बनवून घेतलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणारा बहुतेक मालकच असतो आणि त्याच्यासमोर मोबाईल धरून एक पोरगं उभं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पोराचे पैसे कटणं, ते तुमच्याकडे जमा होणं आणि ॲपला ते कळणं ही तीन वेगळी कामं आहेत. ती तीन वेगळ्या जागी होतात आणि त्यातलं कोणतंही एक मध्येच अडकू शकतं.

अभ्यासिकेची महिन्याची फी 700 रुपये धरा. पोरानं ‘फी भरा’ दाबलं की तुमचा सर्व्हर, म्हणजे ॲपचा हिशोब ठेवणारा संगणक, पेमेंट गेटवेकडे एक ऑर्डर तयार करतो. गेटवे म्हणजे तुमच्या वतीनं ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणारी कंपनी. काही गेटवेंना रक्कम रुपयांत नाही, पैशांत लागते, म्हणजे 70000. तिथं नुसतं 700 लिहिलं तर महिनाभराची खुर्ची 7 रुपयांत गेली! रक्कम सर्व्हरनंच ठरवायची. फोनकडून आलेला आकडा तसाच पुढं पाठवला तर एखादं हुशार पोरगं त्याचा 1 रुपया करेल.

मग फोनवर यूपीआयचं ॲप उघडतं. पोरगं पिन टाकतं. विनंती त्या ॲपच्या बँकेमार्फत एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या) स्विचला आणि तिथून पोराच्या बँकेत जाते. बँक पिन तपासते, शिल्लक बघते, पैसे कापते. त्यानंतर स्विच गेटवेच्या बँकेला रक्कम जमा करायला सांगतो आणि होकार आल्या वाटेनं परत फिरतो. पैसे कटण्याआधीच गाडी अडली तर काही बिघडत नाही. झेड9 हा कोड आला तर खात्यात शिल्लक नाही, झेडएम आला तर पिन चुकला. पुन्हा भरायचं, विषय संपला.

खरी भानगड पैसे कटल्यानंतरची. आपल्याकडं ती दोन ठिकाणी होते. पहिलं ठिकाण बँकांच्या मध्ये. पोराच्या बँकेनं पैसे कापले, पण समोरून वेळेत उत्तर आलं नाही. तेव्हा व्यवहार ‘पेंडिंग’ राहतो. दुसरं ठिकाण पोराच्या हातातला फोन, आणि याकडं ॲप बनवणाऱ्यांचं लक्ष कमी जातं. फोनची रॅम 2 जीबी. यूपीआयचं ॲप उघडलं की जागा करायला अँड्रॉइड तुमचं ॲप मागच्या मागं बंद करतो. पैसे जातात, हिरवी खूण येते, पण ती खूण घेऊन परत यायला तुमचं ॲप जागेवरच नसतं. मृगाच्या वादळात लाईट जाऊन टॉवर बसला तरी तेच होतं.

म्हणून ‘पेमेंट झालं’ हे फोनच्या तोंडून ऐकून पावती फाडायची नाही. बातमी सर्व्हरला थेट गेटवेकडून यायला हवी. त्याला वेबहूक म्हणतात. तुमच्या सर्व्हरवर एक पत्ता ठेवायचा, पैसे आले की गेटवे स्वतः तिथं निरोप पाठवतो. निरोपासोबत सही असते. ती फक्त गेटवेला आणि तुम्हाला ठाऊक असलेल्या गुप्त कीवरून काढलेली असते. सही जुळली तरच निरोप खरा मानायचा, नाहीतर तो पत्ता ज्याला सापडला तो फुकटात पावत्या काढेल. तोच निरोप कधी दोनदाही येतो. त्यामुळं पेमेंट आयडी डेटाबेसमध्ये एकदाच नोंदला जाईल अशी अट लावून ठेवायची, म्हणजे 700 रुपयांत दोन महिने जमा होणार नाहीत. कधी तुमचाच सर्व्हर बंद असतो आणि निरोप पोचतच नाही. त्यासाठी अडकलेल्या ऑर्डरींचं काय झालं हे सर्व्हरनं दर काही मिनिटांनी गेटवेला विचारत राहायचं.

स्वस्तातल्या ॲपांत ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ अशा दोनच अवस्था असतात. सगळी भांडणं इथूनच निघतात. तिसरी अवस्था ठेवलीच पाहिजे: ‘बँकेकडून कळायचं आहे, पुन्हा भरू नका’. पोराला ‘नाही झालं’ दिसलं की ते लगेच पुन्हा भरतं. त्यात ॲप दर वेळी नवीन ऑर्डर काढत असेल तर 1400 जातात. ऑर्डर तीच ठेवायची आणि निकाल लागेपर्यंत बटण बंद.

“मंग दुकानाचा क्यूआरच ॲपमध्ये टाकून दे ना, गेटवेचा खर्च कायले?” हा पुढचा प्रश्न. क्यूआरनं पैसे येतील. पण दोन पोरांनी सकाळी सातच्या सुमारास सातशे-सातशे भरले तर कोणाची फी आली हे ॲपला कळणार नाही. ते काम मग तुम्हालाच वही घेऊन करावं लागेल. वीस पोरांपर्यंत वही परवडते, आणि तेवढीच असतील तर मी गेटवे घ्या म्हणणार नाही.

खर्चाचं गणित बघा. यूपीआयवर जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागं दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे, तरी गेटवे स्वतःचं वेगळं शुल्क लावू शकतो, करार वाचून घ्या. कार्डावर 2 टक्के धरले तर 700 वर 14 रुपये, हातात 686 रुपये. हे पैसेही बहुधा एका-दोन कामकाजाच्या दिवसांनी येतात, आणि सगळ्या पोरांची मिळून एकच रक्कम जमा होते. पासबुकात नावं शोधू नका, गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट उतरवून घ्या. गेटवेकडं खातं उघडताना पॅनवर पूर्ण नाव आणि पासबुकावर आद्याक्षरं असली तर पडताळणी अडकते. आधी बँकेतून नाव दुरुस्त करून आणा.

आता समोर उभ्या पोराला काय सांगायचं? स्क्रीनशॉट बघू नका, खोटी हिरवी खूण दाखवणारी ॲपं फिरतात. त्याच्याकडून यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक, घ्या आणि गेटवेच्या डॅशबोर्डवर शोधा. सापडला आणि ‘यशस्वी’ असेल तर पैसे तुमचेच आहेत, पावती द्या, बँक ते परत करणार नाही. सापडला नाही तर पैसे बँकांच्या मध्ये आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणं दुकानदाराला पुष्टी मिळाली नसेल तर रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवी, उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई. तक्रार पोरानं त्याच्या यूपीआय ॲपमधून करायची. बँकेनं 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं.

ॲप बनवणाऱ्याला शेवटचे पैसे देण्याआधी एक परीक्षा घ्या. साधा फोन घ्या, 1 रुपयाची फी लावा, पिन टाका, हिरवी खूण दिसताच ॲप बंद करून फोन फ्लाईट मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून ॲडमिनमध्ये, म्हणजे ॲपच्या मालकासाठीच्या पानावर, बघा. पाचेक मिनिटांत पावती दिसली तर पैसे द्या.