सिंगापूरमधील युरेशियन घराचा वारसा नोंदवताना

सिंगापूरमध्ये मूल जन्माला आले की जन्मनोंदीत त्याचा वंश लिहावा लागतो. पूर्वी वडिलांचा वंश तोच मुलाचा वंश, अशी सरळ रीत होती. २०१० मध्ये आई किंवा वडील यांपैकी कोणा एकाचा वंश निवडण्याची मुभा मिळाली आणि जानेवारी २०११ पासून दोघांचेही वंश जोडून लिहिता येऊ लागले. माझे माहेर रायगड जिल्ह्यातील रेवदंड्याचे आणि सासर सिंगापूरच्या युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाच्या, समाजातले. त्यामुळे मुलीची नोंद करताना जोडवंश लिहायचा, हे आम्हा दोघांचे आधीच ठरलेले होते. प्रश्न उरला तो क्रमाचा, कारण ज्या सरकारी योजनेला एकच वंश लागतो तिथे जोडीतील पहिला शब्द धरला जातो. सरकारी गृहसंकुलांत कोणत्या वंशाची किती कुटुंबे राहू शकतात, याच्या मर्यादा १९८९ पासून ठरलेल्या आहेत. मात्र त्या हिशेबात भारतीय आणि इतर (युरेशियन ‘इतर’मध्येच येतात) असा एकच गट असल्यामुळे आमच्या मुलीच्या बाबतीत कोणताही शब्द आधी आला तरी घराच्या दृष्टीने फरक पडणार नव्हता.

निर्णय असा व्यवहारापासून मोकळा झाल्यावर ‘युरेशियन’ हा शब्द आधी यावा, असा आग्रह मीच धरला. घरातील मराठी बाजू मी असूनही मी तो धरला याचे माझ्या नातेवाइकांना आश्चर्य वाटले. माझे कारण असे होते की मुलीला भारतीयत्वाची ओळख करून देणारी देवळे, दुकाने, सण आणि माणसे सिंगापुरात पावलोपावली आहेत. युरेशियन मात्र येथील रहिवासी लोकसंख्येच्या जेमतेम अर्धा टक्का आहेत आणि चिनी, मलय, भारतीय, इतर या सरकारी वर्गवारीत त्यांची जागा शेवटच्या ‘इतर’मध्ये आहे. ज्या समाजाला आधीच एवढी थोडी जागा आहे, त्याचे नाव आमच्या घरात तरी मागे पडू नये, असे मला मनापासून वाटत होते.

तथापि नाव लिहिल्याने वारसा हाती येत नाही, हे मला सासूबाईंकडे पाहून कळत होते. त्यांना मी नवऱ्याप्रमाणेच ममा म्हणते. १५११ मध्ये पोर्तुगिजांनी आताच्या मलेशियातील मलाक्का घेतले, १६४१ मध्ये ते डचांकडे गेले आणि पुढे इंग्रजांकडे आले. या सत्तांतरांतून तेथील स्थानिक स्त्रिया आणि युरोपीय पुरुष यांच्या वंशजांचा जो कॅथलिक समाज घडला, त्यातील अनेक कुटुंबे एकोणिसाव्या शतकात सिंगापूरला आली. ममांच्या आजोबांचे कुटुंब त्यांपैकीच एक होते. ममा लहानपणी घरात क्रिस्टांग, म्हणजे मलाक्क्याची पोर्तुगीज-मलय मिश्रभाषा, बोलत असत. परंतु नोकरी इंग्रजीवर मिळते, म्हणून त्यांच्या आईने मुलांशी ती बोलणे हळूहळू थांबवले. आता त्यांच्या भावंडांत ही भाषा सहज बोलू शकणाऱ्या त्या एकट्या उरल्या आहेत. युनेस्कोने ही भाषा गंभीररीत्या धोक्यात आलेल्या भाषांमध्ये गणली आहे आणि त्या वर्णनाचा घरातील अर्थ मी दररोज पाहत होते.

कामाची सुरुवात मी ध्वनिमुद्रणाने केली. सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा मौखिक इतिहास विभाग १९७९ पासून मुलाखती जमा करत आला आहे आणि त्यांतील बऱ्याच मुलाखती घरबसल्या ऐकता येतात. प्रश्न कसा विचारावा, मध्ये कधी बोलू नये, तारखांपेक्षा रस्त्यांची आणि शेजाऱ्यांची नावे विचारल्यावर आठवणी कशा मोकळ्या होतात, हे मी त्या मुलाखती ऐकून शिकले. ममांना समोर यंत्र ठेवून ‘तुमच्या बालपणाविषयी सांगा’ असे म्हटले की त्या दोन वाक्यांत थांबत. जुना फोटो हातात दिला की मात्र सिंगापूरच्या कातोंग भागाचा समुद्रकिनारा, भराव टाकण्यापूर्वी घरांच्या मागच्या दारापर्यंत येणारे पाणी, ख्रिसमसच्या आधी घरोघरी होणारी रंगरंगोटी, असे सारे त्या सलग सांगत. प्रत्येक मुद्रणाला मी विषय, फोटोचा क्रमांक आणि त्यात आलेल्या माणसांची नाती जोडून ठेवली, कारण नात्यांची ही सूची नसेल तर पुढच्या पिढीला आवाज ऐकू येईल, पण कोण कोणाविषयी बोलत आहे हे उमगणार नाही.

सर्वांत अवघड भाग बहाऊचा होता. जपानी अमलात १९४३ ते १९४५ या काळात सिंगापूरमधील अनेक युरेशियन आणि चिनी कॅथलिक कुटुंबांना मलायातील नेग्री संबिलानमध्ये, बहाऊच्या जंगलात शेतीसाठी पाठवण्यात आले. शहरात वाढलेल्या, कारकुनी आणि शिक्षकी करणाऱ्या या माणसांनी तेथे जंगल तोडून रताळी आणि टॅपिओका लावला. हिवतापाने शेकडो लोक दगावले आणि त्यांच्यासोबत गेलेले बिशप देव्हाल्स यांचाही १९४५ मध्ये अंत झाला. ममांचा जन्म युद्धानंतरचा, पण त्यांचा थोरला भाऊ तान्हेपणी बहाऊला गेला. घरात त्याविषयी कधी बोलले जात नसे. मी तो विषय काढला नाही. एका शनिवारी ममांनीच, घरात टॅपिओका का शिजत नसे हे सांगता सांगता, आईकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलेले सगळे सांगितले. ते मुद्रण मी त्यांच्या परवानगीशिवाय कोणालाही देणार नाही, असे आमचे ठरले आहे. माझ्या मते वारसा जपण्यात अशा मर्यादा पाळणेही येते.

स्वयंपाकाची नोंद करणे याहून सोपे असेल, असे मला वाटले होते, परंतु त्यालाच सर्वाधिक वेळ लागला. युरेशियन घरांत लग्नाला आणि ख्रिसमसला सुगी केक होतोच होतो. सुगी म्हणजे आपला रवा. तो मंद आचेवर जरासा भाजून फेटलेल्या बटरमध्ये रात्रभर भिजवतात, मग त्यात अंड्यांचे बलक, बदामाची भरड आणि थोडी ब्रँडी घालतात. गोव्यातील रवा-खोबऱ्याचा बाथ खाल्लेल्या कोणालाही हा केक परका वाटणार नाही. ममा सगळे अंदाजाने घालत. म्हणून त्यांनी मूठ भरली की ती भांड्यात जाण्याआधी वजनकाट्यावर रिकामी करायची, अशी पद्धत मी लावली. त्या वैतागत, पण मूठ पुन्हा भरत. एकच पदार्थ वेगवेगळ्या वेळी मोजल्यावर लक्षात आले की त्यांचा अंदाज आश्चर्यकारकरीत्या स्थिर आहे. बदलते ते फक्त ब्रँडीचे प्रमाण, आणि तेही पाहुणे कोण येणार यावर.

डेव्हिल करी, म्हणजे क्रिस्टांगमध्ये ‘कारी देबाल’, हा ख्रिसमसच्या जेवणातून उरलेल्या भाजलेल्या मांसाचा पदार्थ. सुक्या मिरच्या, कांदे, आले, गलंगल (आल्यासारखेच एक मूळ), हळद, दाटपणासाठी ‘बुआ करास’ नावाच्या तेलकट बिया, आणि शेवटी मोहरी व व्हिनेगर. गलंगल आणि बुआ करास मलय स्वयंपाकघरातून आले, तर मोहरी आणि व्हिनेगर पाहून मला विंदालूची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. त्यात नवल काहीच नाही. पोर्तुगिजांचा आशियातील कारभार गोव्यातून चाले आणि मलाक्क्याचे धर्मपीठ १५५८ मध्ये स्थापन झाले तेही गोव्याच्या अधिपत्याखालीच. माणसे, धर्मगुरू आणि मसाले या मार्गाने शतकानुशतके ये-जा करत होते.

या मार्गाचा एक थांबा माझ्या माहेरासमोर आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीज-मराठी मिश्रभाषा आजही बोलली जाते. १७४० मध्ये चौल मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली, पण गावातील ख्रिस्ती वस्तीने भाषा टिकवली. लहानपणी बाजारात कोर्लईच्या बायका आपसांत बोलताना मी ऐकत असे आणि त्यातले काही कळत नसे. सिंगापुरात २०१६ पासून ‘कोद्रा क्रिस्टांग’ या उपक्रमातून भाषेचे वर्ग सुरू झाले. क्रिस्टांग शिकू लागल्यावर कानांवर पडणारे शब्द मला ओळखीचे वाटू लागले. मराठीच्या सहवासाने कोर्लईच्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी गेले आहे. क्रिस्टांगमध्ये ते मलयप्रमाणे मध्ये येते आणि मलयप्रमाणेच शब्द दोनदा उच्चारून अनेकवचन होते. एका हिवाळ्यात ममांना मी कोर्लईला घेऊन गेले. तेथील एका वयस्क बाईंशी त्यांचे बोलणे पूर्ण जुळले नाही, परंतु एक ते दहा अंक, पाणी, मासे, घर, आई, बाप हे शब्द दोघींनी आपापल्या उच्चारांत म्हटले आणि परस्परांना समजले. आपली भाषा हे अशुद्ध पोर्तुगीज असल्याचे ममा लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. समुद्रापलीकडे तिची बहीण नांदत असल्याचे पाहिल्यावर त्यांनी स्वतःहून मुलीला क्रिस्टांग शिकवायला घेतले, आणि या सर्व प्रक्रियेतील सर्वांत मोठा लाभ मी त्यालाच मानते.

शाळेत मात्र क्रिस्टांग आणि मराठी या दोन्ही भाषांना स्थान नाही. मातृभाषा म्हणून मंदारिन, मलय आणि तमिळ शिकवल्या जातात. भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू घेता येते, पण मराठी त्या यादीत नाही आणि क्रिस्टांग तर नाहीच. आम्ही मलय निवडली, कारण क्रिस्टांगचा अर्धा संसार मलयच्या अंगणात झाला आहे. मराठी मी घरी शिकवते. बहुसांस्कृतिक समाजाची रचना ज्या गटांना स्वतःची एक भाषा, एक पोशाख आणि एक धर्म आहे त्यांना सोयीची असते, आणि मिश्रणातूनच जन्मलेल्या समाजाला आपले मिश्रण हेच आपले मूळ आहे असे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, हे मला येथे प्रकर्षाने जाणवले.

त्याचा अनुभव वांशिक सलोखा दिनाला आला. १९६४ च्या दंगलींच्या स्मरणार्थ २१ जुलैला शाळांत हा दिवस पाळतात आणि मुले आपापल्या समाजाचा पोशाख घालून येतात. युरेशियन मुलींना बहुधा पोर्तुगीज लोकनृत्याचा लाल-काळा घागरा घालतात. तो पोशाख मलाक्क्यात रुळला १९५० च्या दशकात. ममांची आजी मात्र आयुष्यभर सारोंग (कमरेला गुंडाळायचे वस्त्र) आणि कबाया (त्यावर घालायचा झगा) नेसत असे, आणि तिचा फोटो आमच्याकडे आहे. मुलगी कबाया घालून गेली तेव्हा हा तर मलय पोशाख, असे तिला सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी तिने पणजीच्या आईचा फोटो वर्गात नेऊन दाखवला. २०२४ मध्ये युनेस्कोने कबायाचा समावेश पाच देशांचा सामाईक वारसा म्हणून यादीत केला, हे मला त्यामुळे फार समाधानाचे वाटले. सामाईक असणे म्हणजे आपले नसणे नव्हे. लाल-काळा घागराही मी नाकारत नाही, कारण दोन पिढ्यांनी तो आनंदाने घातला आहे. नोंदवहीत दोन्ही पोशाख त्यांच्या काळासह लिहिले आहेत.

घराण्याचा धागा मागे नेण्यासाठी बाप्तिस्म्याच्या नोंदींचे उतारे मागवावे लागले. हाताने लिहिलेल्या त्या नोंदींत एकाच कुटुंबाचे आडनाव धर्मगुरूंच्या कानाला जसे ऐकू आले तसे वेगवेगळे लिहिलेले आढळले, आणि एका ठिकाणची जुनी वही पाण्याने खराब झाल्यामुळे मधली एक पिढी निसटली. ज्यांना असे काम करायचे आहे त्यांना माझी विनंती आहे की आडनावापेक्षा धर्ममाता-धर्मपित्यांच्या नावांवर लक्ष ठेवावे. तीच तीच कुटुंबे एकमेकांच्या मुलांना धर्ममाता-धर्मपिता म्हणून उभी राहत आणि त्यांच्या साहाय्याने आम्ही मलाक्क्यापर्यंत पोहोचलो.

सिंगापूरमधील अनेक युरेशियन कुटुंबांप्रमाणे आमचीही अर्धी मंडळी ऑस्ट्रेलियात पर्थला आहेत. त्यांना मुद्रणांच्या आणि पाककृतींच्या प्रती पाठवल्यावर तिकडून दुरुस्त्या येऊ लागल्या. ममांच्या धाकट्या बहिणीच्या मते आईच्या कारी देबालमध्ये व्हिनेगर मांसाला आधीच चोळून ठेवत, तर ममांच्या मते ते शेवटीच पडते. दोघीही ठाम आहेत. वहीत आता ही पाककृती दोनदा आहे, प्रत्येकीच्या नावाने, आणि या डिसेंबरमध्ये दोन्ही पद्धतींनी करून मोजमापे पक्की करण्याचे ठरले आहे.