आमची वाटचाल: ट्रेडलपासून केसाएवढ्या रेषेपर्यंत

बाबांनी १९८६ ला सांगलीत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन टाकलं तेव्हा मशीन एक, खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) केसेस चार आणि अक्षरं जुळवणारा कंपोझिटर म्हणजे बाबाच. बिलबुकं, हँडबिलं, लग्नसराईत पत्रिका, बास. "आमचे येथे श्री कृपेकरून" ही ओळ त्यांनी इतक्यांदा जुळवलीय की झोपेतून उठवलं तरी उलटी वाचून दाखवतील. मग डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी आली, खिळे भंगारात किलोवर गेले (मला आजही हळहळ वाटते, बाबांना अजिबात नाही), प्लेटवरून छापणारं ऑफसेट मशीन आलं, आणि २०१५ ला डिझाईनचा कोर्स करून मी परत आले ती एक खूळ डोक्यात घेऊनच.

खूळ म्हणजे ते मॅगझिनवालं अक्षर. गिऱ्हाईक त्याला असंच म्हणतं. वोग या फॅशन मासिकाचं नाव ज्यात असतं ते, उभा दांडा चांगला जाड, काळाभोर, आणि आडवी रेष केसासारखी. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसला दिदो या मुद्रकांच्या घराण्याने आणि इटलीत पार्माला बोदोनी या मुद्रकाने ही अक्षरं घडवली, तेव्हा कागद गुळगुळीत व्हायला लागला होता, छपाई सुधारली होती, म्हणून एवढी बारीक रेष कागदावर उतरू शकली. हे सगळं मला कोर्समध्ये शिकवलं होतं. कागद गुळगुळीत होता हा भाग मी परीक्षेत लिहिला आणि विसरले.

पहिली मोठी ऑर्डर, चारशे पत्रिका, हँडमेड कागद, त्यावर सोनेरी फॉईलमध्ये नवरानवरीची इंग्रजी आद्याक्षरं, एच आणि एन. स्क्रीनवर काय सुंदर दिसत होतं! फॉईल दाबायचा धातूचा ब्लॉक करून आणला, भावाने मशीनवर घेतला, आणि खरबरीत कागदावर फॉईलने बारीक रेषा धरल्याच नाहीत. एचचा मधला आडवा दांडा गायब. एनमध्ये तर उलटंच असतं, दोन्ही उभ्या रेषा बारीक आणि तिरकी जाड, त्यामुळे तिथे फक्त तिरकी काठी उरली. नवरीचे मामा पत्रिका हातात घेऊन म्हणाले, "हे अकरा कशाचं? आणि शेजारी ही काठी कुणाची?" भावाने उष्णता वाढवून पाहिली तर जाड भाग कडेने फुटला आणि एक-दोन ठिकाणी फॉईल भरून आलं. चारशेच्या चारशे आमच्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या, गुळगुळीत कागदावर, आणि बारीक रेषा कोरलमध्ये (डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये) हाताने जाड करून. त्या सीझनचा नफा त्यातच गेला.

तेव्हापासून फॉईलला अर्ध्या पॉइंटच्या (पॉइंट हे छपाईतलं बारीक माप) खाली रेष नाही हा दुकानाचा कायदा. पुढे वाचनात आलं की १९९१ मध्ये हार्पर्स बाजार या फॅशन मासिकासाठी जॉनाथन हेफ्लर या अमेरिकन अक्षरकाराने दिदो हा फॉन्ट नव्याने काढला तेव्हा तो सात वेगवेगळ्या साईझसाठी वेगवेगळा काढला, म्हणजे छोट्या साईझला बारीक रेष आपोआप थोडी जाड. आपण काय करतो, एकच फाईल बोर्डाला पण ताणतो आणि व्हिजिटिंग कार्डाला पण दाबतो, मग फोन नंबरातला आठ आणि तीन सारखेच दिसतात.

मराठीत वेगळीच गंमत. रोमनमधली ही जाड-बारीक चाल टोकदार निबातून आलीय, दाब दिला की जाड, सोडला की बारीक. आपली देवनागरी बोरूची, टोक तिरकं कापलेलं, हात कुठे वळतो त्यावर जाडी ठरते. म्हणून इंग्रजी अक्षराचं गणित देवनागरीवर जसंच्या तसं चिकटवलं की अक्षर परक्याच्या कपड्यात आल्यासारखं दिसतं. इंडियन टाईप फाउंड्रीचा रोझा वन हा दोन्ही लिप्यांचा आणि फुकट वापरता येणारा फॉन्ट, आम्ही तो मथळ्यांना भरपूर वापरतो, पण मोठाच. त्यात कुणी "श्रद्धा" हे नाव छोट्या साईझला लिहायला सांगितलं तर मी सरळ नाही म्हणते, द्ध मधली जागा शाईने भरणार म्हणजे भरणारच.

आता आमचं ठरलेलं आहे. ज्वेलर्स, साडीचं बुटीक, पत्रिकेवरची नावं, अंकाचं मुखपृष्ठ, इथे ही अक्षरं बिनधास्त. पत्ता, मेनूमधले दर, हायवेवरचा बोर्ड, इथे नाही. एका बुटीकवाल्या ताईंना हेच अक्षर ॲक्रिलिकमध्ये कापून आत एलईडी टाकून हवं होतं, त्यांना म्हटलं, ताई, बारीक रेषेत एलईडी बसणार कुठे, आणि कटिंगलाच ती तुटेल. त्या रागावून दुसरीकडे गेल्या, आणि दिवाळीनंतर साड्यांच्या टॅगचं काम घेऊन परत आल्या. बोर्डाचा विषय दोघींनीही काढला नाही.

सध्या एका दिवाळी अंकाचं शीर्षक चाललंय. काल बाबा आले, त्यांचं जुनं भिंग खिशातून काढलं, प्रूफवर धरलं आणि म्हणाले, "अगं, रफार उडेल हा." परत जाड करतेय.